आईचा गुडघा: दुर्बिणीचं ऑपरेशन, जेलचं इंजेक्शन की आधी आणखी काही?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. आईचं वय ५९, वजन ७८ किलो, उंची पाच फुटांच्या जरा वर. डावा गुडघा सहा महिन्यांपासून दुखतो, उजवा अधूनमधून. पडणं, मुरगळणं असं काही झालेलं नाही. जिना उतरताना आणि जमिनीवरून उठताना जास्त दुखतं, सकाळी दहा-पंधरा मिनिटं पाय धरल्यासारखा वाटतो. एमआरआयमध्ये आतल्या बाजूचा मेनिस्कस फाटल्याचं आणि कूर्चेची, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत आवरणाची, झीज झाल्याचं आलं. एका डॉक्टरांनी दुर्बिणीने, म्हणजे बारीक छेदातून, ऑपरेशन सुचवलं, दुसऱ्यांनी सांध्यात वंगणासारखं जेल भरायचं इंजेक्शन. ‘ग्रीस संपलं’ हे ऐकल्यापासून तुम्ही त्यांचं सकाळचं फिरणं बंद केलं, उरलंसुरलं झिजू नये म्हणून. आता दोघांपैकी कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, आणि काकूंचा, म्हणजे तुमच्या आईचा, गुडघा मी हातात धरून पाहिलेला नाही. त्यामुळे पुढचं सगळं तुम्ही केलेलं वर्णन बरोबर आहे असं धरून लिहिते आहे. त्या वर्णनावरून मला वाटतं की या दोनमधून निवडायची वेळच अजून आलेली नाही. त्याआधीची पायरी राहून गेली आहे, आणि नेमकी तीच तुम्ही काळजीपोटी बंद करून ठेवली आहे.

आधी त्या एमआरआयबद्दल. मेनिस्कस म्हणजे मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामधली चंद्रकोरीच्या आकाराची गादी. पंचविशीतल्या पोराचा कबड्डी खेळताना पाय वळला, गुडघा सुजला, सरळ होईना आणि मग एमआरआयमध्ये ती फाटलेली दिसली, तर ते फाटणं महत्त्वाचं. साठीकडे झुकलेल्या माणसात तीच गादी हळूहळू विरत जाते आणि रिपोर्टात मात्र तोच ‘फाटली’ शब्द येतो. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात पन्नाशीपुढच्या सुमारे हजार लोकांचे गुडघे, दुखणं असो वा नसो, एमआरआयने तपासले होते. २००८ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांचा मेनिस्कस फाटलेला दिसला, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना मागच्या महिनाभरात गुडघ्याचा काहीच त्रास नव्हता. म्हणजे काकूंच्या रिपोर्टातली गोष्ट खरी आहे, पण दुखण्याचं कारण तीच आहे असं त्यावरून ठरत नाही. त्यांच्या वयाच्या, मजेत भाजी आणायला जाणाऱ्या शेजारणीचा एमआरआय काढला तरी असंच काहीतरी निघू शकतं.

यामुळेच दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल माझं मत कडक आहे. २००२ साली अमेरिकेत झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांवर एक धाडसी प्रयोग झाला. काहींची खरी दुर्बिणीची शस्त्रक्रिया केली, काहींच्या गुडघ्यावर नुसते छेद देऊन टाके घातले. दोन वर्षांनी दोन्ही गटांच्या दुखण्यात फरक नव्हता. २०१३ साली फिनलंडमध्ये अशाच झिजून फाटलेल्या मेनिस्कसवर खोट्या शस्त्रक्रियेशी तुलना झाली, तिथेही तेच. त्यानंतर २०१७ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने झिजेच्या गुडघ्यात हे ऑपरेशन करू नये अशी स्पष्ट शिफारस केली. अपवाद आहे: गुडघा खरोखर अडकत असेल, म्हणजे अर्ध्यावर लॉक होऊन सरळच होत नसेल, तर सर्जनशी वेगळं बोलावं लागतं. नुसतं कटकट वाजणं म्हणजे अडकणं नव्हे. आवाज करणाऱ्या आणि अजिबात न दुखणाऱ्या गुडघ्यांची संख्या फार मोठी आहे.

एक गोष्ट मात्र खटकली. तुमच्या कागदांमध्ये साधा एक्सरे कुठेच नाही. महागडा एमआरआय झाला आणि स्वस्तातला एक्सरे राहिला. दोन्ही गुडघ्यांचा, उभं राहून, वजन पायावर घेऊन काढलेला एक्सरे आणा. झोपवून काढलेल्यात सांध्यातली फट खोटी मोठी दिसते. उभ्याने काढलेल्यात किती फट उरली, पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेत का, हे कळतं, आणि पुढचा बराचसा निर्णय त्यावर असतो.

दुसरं, दुखतो तो गुडघा असला तरी दुखण्याचं मूळ गुडघ्यातच असेल असं नाही. खुब्याचा सांधा बिघडला की कित्येकदा दुखतो गुडघा. पायाची नखं कापायला पाय वर घेताना जांघेत कळ येत असेल, मांडी आतल्या बाजूला वळत नसेल, तर खुब्याचा एक्सरे आधी काढावा. आपल्या विदर्भात तर हे लक्षात ठेवायलाच हवं, कारण इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं प्रमाण मोठं आहे आणि सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून हाड ढासळतं. तिशीच्या आतला कुणी ‘गुडघा दुखते’ म्हणत लंगडत आला, तर मी पहिला हात खुब्याला लावते. काकूंच्या वयात ही शक्यता कमी आहे, पण घरात कुणाला सिकलसेल असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

चिकुनगुनियाही विचारून घ्या. २०२४ च्या पावसाळ्यात नागपुरात त्याची मोठी लाट आली होती. ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र काहींचे महिनोन् महिने, क्वचित वर्षभरही धरून राहतात. त्यात बहुतेक वेळा मनगटं, बोटं, घोटे असे बरेच सांधे एकदम दुखतात. सकाळचा ताठरपणा तासाभराहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे सुजत असतील, तर ती झीज नव्हे, तो सांधे सुजवणारा संधिवात असू शकतो आणि त्याची औषधं पूर्ण वेगळी आहेत. काकूंचा ताठरपणा दहा-पंधरा मिनिटांत मोकळा होतो, दुखतात ते दोन गुडघेच. हे चित्र झिजेचं आहे. युरिक अ‍ॅसिडचा रिपोर्ट जरासा वाढलेला दिसला म्हणून डाळी बंद करणारे खूप भेटतात. तसं काही करू नका, निदान कुणी नीट तपासून सांगितल्याशिवाय नाही.

आणि हे दिसलं तर कशाचीही वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा: गुडघा लाल, गरम, टम्म सुजलेला आणि सोबत ताप, पडल्यानंतर पायावर वजनच न घेता येणं, पोटरी एकाएकी सुजून दुखणं.

आता मुख्य गोष्ट. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिला पोषण मिळतं ते सांध्यातल्या पाण्यातून, आणि ते आतबाहेर व्हायला सांध्यावर दाब पडणं आणि सुटणं लागतं. म्हणजे चालणं. बसवून ठेवल्याने गुडघा जपला जातो ही समजूत या कारणाने उलटी पडते. त्याहून मोठं नुकसान मांडीच्या पुढच्या स्नायूचं होतं. गुडघा दुखला की तो स्नायू आपोआप ढिला पडतो, वापर थांबला की झपाट्याने बारीक होतो. आपल्या रस्त्यांवरचे गड्डे गाडीचे शॉकअप झेलतात, तसे पायाला बसणारे धक्के हा स्नायू झेलतो. तो मेला की प्रत्येक धक्का थेट हाडावर. दुखतं म्हणून बसायचं, बसल्याने मांडी सुकते, मांडी सुकली म्हणून आणखी दुखतं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या सात-आठ काकू-मावश्या या फेऱ्यात अडकलेल्या असतात. त्यांच्या एक्सरेत आणि दुखण्यात मेळ बसत नाही. मांडीच्या ताकदीशी मात्र बऱ्यापैकी बसतो.

ताकद किती आहे हे घरीच मोजा. जेवणाच्या टेबलाची साधी, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर घडी करून काकूंनी ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. साठीच्या बाईला १२ च्या आसपास जमायला हवं. हात टेकल्याशिवाय एकदाही उठता येत नसेल तर शून्य लिहा, त्यात लाज नाही. हा आकडा तारखेसह कॅलेंडरवर लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी एमआरआयपेक्षा तो जास्त सांगेल.

व्यायामाबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण ‘व्यायाम करा’ एवढंच सांगून पाठवल्याने काही होत नाही. पहिला आठवडाभर पलंगावर: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच सेकंद धरायची, सोडायची, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा, दुसरा गुडघा दुमडलेला. कुशीवर झोपून वरचा पाय मागे रेटत उचलायचा. हा कुल्ह्याच्या बाजूचा स्नायू, चालताना कंबर एका बाजूला पडू न देणारा. बहुतेक लोक हाच व्यायाम गाळतात.

खरं औषध पुढे आहे, ते म्हणजे खुर्चीतून उठणं-बसणं. सुरुवातीला खुर्चीवर जाड उशी ठेवा, म्हणजे बैठक उंच होईल. गुडघे एकमेकांकडे झुकू द्यायचे नाहीत, आणि बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत हळू टेकायचं. ताकद या सावकाश बसण्यातच येते. पाच वेळा, मग दोन मिनिटं दम खायचा, असे तीन फेरे, एक दिवसाआड. तीन फेरे सोपे वाटले की उशी काढा. तेही सोपे झाले की हातात पाण्याची भरलेली बाटली. ओट्याला धरून टाचा उचलणं स्वयंपाक करताकरता होतं. चार इंचांच्या पाटावर किंवा पायरीवर चढ-उतार महिन्याभराने.

दुखेल का? हो, थोडं दुखेल. शून्य ते दहामध्ये चारपर्यंत दुखलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आदल्या दिवसाइतकंच असेल तर चालू ठेवायचं. रात्रभर ठणकलं किंवा सूज आली तर पुढच्या वेळी निम्मं करायचं, बंद नाही करायचं. हा नियम काकूंना पाठ करायला लावा, कारण पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त लोक इथेच सोडतात. ‘व्यायामाने वाढलं बाप्पा’ म्हणून. मांडी भरल्यासारखी दुखणं आणि सांधा सुजणं या वेगळ्या गोष्टी आहेत. फरक जाणवायला सहा आठवडे, नीट फरक पडायला तीन महिने धरा. कुणी आठ दिवसांत बरं करतो म्हणालं तर मी दूरच राहीन.

चालणं आजपासून परत सुरू, पण एका दमात पाऊण तास नव्हे. दहा-दहा मिनिटं, दिवसातून तीनदा, सपाट जागेवर. नागपुरातला फुटाळ्याचा चढ किंवा सेमिनरी हिल्सची टेकडी नंतर, आत्ता नाही. दुखत असेल तर काठी घ्या, आणि ती दुखणाऱ्या पायाच्या उलट्या हातात, म्हणजे काकूंच्या उजव्या हातात. निम्मे लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात आणि मग काठीचा उपयोग नाही म्हणतात. इलॅस्टिकची नीकॅप घातल्याने ऊब आणि धीर मिळतो, तेवढ्यासाठी घाला. ती ताकद देत नाही. सूज असेल तेव्हा बर्फ, नुसता ताठरपणा असेल तेव्हा शेक. तेल लावायला माझी हरकत नाही, चांगलं वाटतं. हाड त्याने भरत नाही एवढं लक्षात असलं म्हणजे झालं.

घरातली बैठक काही काळ बदलावी लागेल. उकिडवं बसल्यावर गुडघ्याच्या वाटीच्या मागचा दाब सगळ्यात जास्त वाढतो. तेव्हा संडासात कमोडची खुर्ची, निवडणं-टिपणं खुर्चीत, पूजा पाटाऐवजी स्टुलावर. महालक्ष्म्यांचा तुम्ही मुद्दाम उल्लेख केला आहे. आपल्याकडे महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकातून घरच्या बाईला बाजूला काढणं अशक्य, आणि मी तसं सांगणारही नाही. पण सोळा भाज्या एका बैठकीत चिरायच्या आणि पुरण तीन तास जमिनीवर बसून वाटायचं, हे विभागता येतं. अर्धा तास काम, मग उठून घरभर एक चक्कर. वाढायला सुना-मुलं आहेतच. जमिनीवर बसणं कायमचं गेलं असंही समजू नका. ताकद आली की बऱ्याच जणी पुन्हा खाली बसायला लागतात.

वजनाचं सांगितलं की लोकांना राग येतो, म्हणून एकच हिशेब देते. प्रयोगांत असं मोजलं गेलं आहे की शरीराचं एक किलो वजन कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. काकूंचे पाच किलो गेले तर पावलामागे वीस किलो. उपाशी राहून नको, त्यात स्नायूच आधी जातो. दोन्ही जेवणांत डाळ, दही, अंडं चालत असेल तर अंडं, आणि रात्रीचा भात निम्मा. रविवारचे तर्री-पोहे सोडा असं मी म्हणत नाही, एक प्लेट पुरे.

गोळ्यांचं मात्र जपून. काकूंना बीपीची गोळी चालू आहे आणि दुखेल तेव्हा त्या मेडिकलच्या दुकानातून पेनकिलर आणून घेतात, असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. मला तीच सगळ्यात जास्त काळजीची ओळ वाटली. डायक्लोफेनॅक किंवा एसिक्लोफेनॅकसारख्या गोळ्या बीपी वाढवतात, पोटात जखम करू शकतात. टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी, सोबत लघवी वाढवणारी गोळी आणि वरून ही पेनकिलर, हे तीन एकत्र आले की किडनीवर ताण येतो. त्यात शरीरात पाणी कमी पडलं तर ताण आणखी वाढतो, आणि मे महिन्यात ४५ अंशांत पाणी कमी पडायला आपल्याकडे वेळ लागत नाही. तेव्हा काकूंच्या बीपीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेनकिलर नको. तेच डायक्लोफेनॅक मलमाच्या रूपात गुडघ्यावर लावलं तर रक्तात फार कमी जातं, आणि गुडघ्यासाठी ते पहिली निवड म्हणून सांगितलं जातं. दोन आठवडे, दिवसातून तीन-चार वेळा लावून पाहा.

जेलच्या इंजेक्शनबद्दल: त्याने ग्रीस भरलं जात नाही. काही रुग्णांना थोडा आराम पडतो, पण एकंदर पाहिलं तर मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक इतका कमी दिसतो की अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये गुडघ्यासाठी त्याच्या विरोधात शिफारस केली. एवढे पैसे तिथे घालावेत असं मला वाटत नाही. स्टेरॉइडचं इंजेक्शन वेगळं. गुडघा खूप सुजलेला असेल, व्यायामाला सुरुवातच करता येत नसेल, तर एखादं इंजेक्शन काही आठवडे मोकळे करून देतं. पण दर तीन महिन्यांनी ठोकत राहायचं नाही. दोन वर्षं तसं देऊन पाहिलेल्या २०१७ च्या एका अभ्यासात कूर्चा जास्त झिजली आणि दुखणं काही जास्त कमी झालं नाही. ग्लुकोसामीनच्या गोळ्यांवर खर्च करू नका.

ड जीवनसत्त्व तपासा. इतकं कडक ऊन असलेल्या गावात ते कमी कसं, असं सगळे विचारतात. ऊन बाहेर असतं, आपण आत असतो, आणि बाहेर पडलो तर डोक्यापासून बोटांपर्यंत स्कार्फ-मोजे. फार कमी असेल तर हाडं ठणकतात आणि मांडीची ताकद जाते, तेव्हा ते भरून काढणं फायद्याचं. पण ६०,००० युनिटची पुडी आठवड्याला एक, साधारण आठ आठवडे, तीही डॉक्टरांनी लिहून दिल्यावर. रोज एक घेऊन रक्तातलं कॅल्शियम वाढलेले, मळमळ आणि बद्धकोष्ठाने हैराण झालेले रुग्ण येतात. आणि पातळी बरोबर असेल तर पुड्या घेतल्याने झीज थांबत नाही.

राहिलं सांधा बदलण्याचं ऑपरेशन. मी त्याच्या विरोधात नाही, योग्य माणसाला ते नवं आयुष्य देतं. रात्रीची झोप मोडते, दहा मिनिटंही चालवत नाही, पाय वाकले आहेत, उभ्याच्या एक्सरेत हाडाला हाड लागलं आहे, आणि तीन महिने प्रामाणिक व्यायाम करूनही हेच आहे, तर उगाच वर्षानुवर्षं पेनकिलरवर ढकलू नका. परदेशांतल्या नोंदींवरून पाहिलं तर पूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांतले ८० हून जास्त पंचवीस वर्षांनीही टिकलेले आहेत. काकू ५९ च्या आहेत, म्हणून जितकं पुढे ढकलता येईल तितकं बरं, कारण दुसऱ्यांदा बदलणं पहिल्यापेक्षा अवघड. खर्चाची चौकशी करताना हे माहीत असू द्या की २०१७ पासून केंद्र सरकारने कृत्रिम सांध्याच्या किमतीवर मर्यादा घातली आहे, त्यामुळे बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा.

आणि पुढेमागे ते ऑपरेशन ठरलंच, तरी आजपासून केलेलं उठणं-बसणं वाया जात नाही. ज्यांची मांडी ऑपरेशनच्या आधी मजबूत असते ते नंतर लवकर चालायला लागतात. आता काकूंचा उभ्याचा एक्सरे काढा, बीपीच्या गोळ्यांची नावं आणि ३० सेकंदांचा आकडा लिहून ठेवा, आणि हे तिन्ही घेऊन जवळच्या फिजिओथेरपिस्टकडे जा. मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, फिजिओथेरपीचा विभाग आहे, तिथेही चालेल. व्यायाम पहिल्यांदा कुणाच्या तरी नजरेसमोर व्हायला हवेत, गुडघा आत झुकतोय का हे माझ्या लिहिण्यातून कळणार नाही.